न पाहिलेला भूतकाळ

संध्याकाळी सहाला, गंगापूर रोडवरच्या वर्गात
आम्ही अकराजण तुर्की क्रियापदं सोलत बसतो.
ऋतुराज बनकर पिंपळगावहून येतो,
बोटांना द्राक्षबागेतल्या औषधाचा वास,
त्याला इझमीरच्या बेदाणेवाल्यांशी भाव करायचाय.
मला का शिकायचंय, ते मला नीट सांगता येत नाही.

खतीब मॅडमनी फळ्यावर लिहिलं: ग्योझ.
डोळा.
त्याला ल्युक लावा, चष्मा.
च्यु लावा, चष्मेवाला.
"आपल्या खजानचीतला ची तो हाच बरं का,
कधीतरी आला आणि राहिला."
वर पुन्हा ल्युक. चष्मेवाल्याचा धंदा.
ग्योझल्युकच्युल्युक.
वर्ग हसला.
मी वहीत उतरवून घेतलं नाही.
रविवार कारंज्याजवळ, भांडीवाल्याच्या शेजारी,
नऊ फूट बाय अकरा,
अण्णांचं अख्खं आयुष्य एका शब्दात,
आणि अजून क्रियापद आलेलंच नव्हतं.

ते पुढच्या सत्रात आलं.
तुर्कीत भूतकाळ दोन.
दी म्हणजे पाहिलंय, म्हणून सांगते.
मिश म्हणजे पाहिलं नाही. कुणी सांगितलं,
किंवा खुणांवरून उमगलं, उशिरा.
"आपलं म्हणे," मॅडम म्हणाल्या,
"पण म्हणे वाक्याच्या दाराशी उभं राहतं, चपला काढून.
मिश क्रियापदाच्या अंगात शिरतो,
आधीच्या स्वराचं तोंड बघून
मिश, मश, मुश, म्युश होतो."

मार्चमधल्या एका मंगळवारी
मी दुकानातला डोळे तपासायचा तक्ता बदलला.
कोपरे पिवळे पडले होते. सातपूरहून नवा आणला,
अक्षरं तीच, क्रम वेगळा.
सिन्नरच्या एक बाई खुर्चीत बसल्या.
अण्णांनी काच बदलली,
छडी तिसऱ्या ओळीवर टेकवली.
"प."
"नीट बघा, ताई. ग आहे."
"प आहे हो."
"ग," अण्णा म्हणाले, ठाम,
बत्तीस वर्षं जिथे ग होता
तिथेच छडी धरून.

बाकाकाल्दम.
बाक म्हणजे बघ, काल म्हणजे राहा.
बघत राहिले.
इथे तुर्की आणि मराठी
एकाच बाकावर बसतात.

मग मागचं सगळं नव्याने वाचावं लागलं:
नोटा अंगठ्याने चाचपणं,
घरी येताना पायऱ्या तोंडातल्या तोंडात मोजणं,
कप किती भरला ते चहाच्या आवाजावरून,
"तूच वाच गं जरा, माझा चष्मा कुठे राहिला कोण जाणे,"
भोवती चारशे चष्मे टांगलेले असताना.

ग्योर: पाह.
म्यु: नाही.
योर: आणि ते चालूच आहे.
मुश: आणि मला आत्ता कळतंय.
ग्योरम्युयोरमुश.

मराठीत मी म्हणाले असते,
दिसत नव्हतं तर.
मग थांबून, इतके दिवस.
मग अजून थांबून,
आणि आम्ही समोरच होतो.
तुर्कीला थांबावं लागत नाही.
ती एका श्वासात सगळ्यांना दोषी धरते.

परीक्षेत पाचव्या प्रश्नाला मी तोच शब्द लिहिला, एकटा.
तिकडे तृतीय पुरुषाला प्रत्यय नसतो,
शेवटी जागा नुसती रिकामी.
मॅडमनी पूर्ण गुण दिले
आणि समासात, बारीक अक्षरात: कोण?

उत्तर दिलं नाही अजून.
शनिवारी मी दुकानात जाते,
गिऱ्हाईक आलं की छडी मी घेते,
अण्णा काउंटरवर फ्रेमचा स्क्रू बसवतात,
मान वर, नजर रस्त्यावर,
नखाने खाच शोधून, पहिल्या फटक्यात.

नवा तक्ता माळ्यावर गुंडाळून ठेवलाय.
जुनाच पुन्हा लावला,
पिवळ्या कोपऱ्यांना नवी चिकटपट्टी.
अण्णांना यातलं काही माहीत नाही,
म्हणे.