दुसरा पडत नाही

पितळेचं एक कडं, तळहातात मावेल एवढं.
ते झिजलं, म्हणून ही चोपन्न सालची हिलमन
पहिल्यातून दुसऱ्यात जाताना
करकर दात खाते,
आणि नाद सोडून तिसऱ्यावर नेली
की धापा टाकत बंद पडते.

एल्बिओ बेर्रुत्ती म्हणाला, आजोबांची आहे,
लेकीच्या लग्नाला मार्चात हवी.
सगळ्यांना मार्चातच हवी असते.
मी गिअरबॉक्स उतरवली,
जुन्या चादरीवर मांडली
ज्या क्रमानं सुटली त्याच क्रमानं,
आणि कुत्र्याला बाहेर बांधलं.

आमच्या फ्राय बेंतोसला इंग्रजांचा कारखाना होता,
डब्यातल्या मांसाचा.
तेव्हा या गाड्या बोटीतून उतरायच्या.
मग कारखाना मिटला, साहेब गेले,
बोल्ट मात्र इंचातच राहिले
आणि पोरांकडे पाने मिलिमीटरचे.

मोंतेविदेओच्या रविवारच्या बाजारात
जमिनीवर पडदा पसरून बाई बसली होती:
दारांच्या मुठी, पोपटाचा रिकामा पिंजरा, डाव्या पायाचे तीन बूट.
"हिलमन?" म्हणाली. "ती घड्याळं ना?"
सालतोच्या एकानं फोनवर शपथ घेतली,
आधी बायकोची, मग आईची.
पाठवलं ते ट्रकचं निघालं.
नदीपलीकडे, ग्वालेग्वाइचूला, एक म्हातारा म्हणाला
विकणार नाही, दाखवतो फक्त.
दाखवलं.
कोरं. मखमलीवर.
मी हात मागे बांधून उभा होतो,
पैसे नसताना सोनाराकडे गेल्यासारखा.
लेथवाल्या फेरीननं पितळ मागितलं, तीन कडी कातून दिली.
तिन्ही देखणी. एकही शंकूवर बसेना.
केसभर कोन चुकलेला,
आणि केस किती जाड असतो
ते गिअरबॉक्स उघडल्यावरच कळतं.

फेब्रुवारी अर्धा सरला.
तेव्हा मेलोहून सुल्मा नावाच्या बाईंचा निरोप आला:
नवऱ्याच्या खोक्यात तसलं काहीतरी आहे,
दोन मेंढ्यांची किंमत पडेल, घासाघीस नको.

रात्रीच्या बसनं खोकं आलं,
कंडक्टरच्या सीटखालून, कांद्याचा वास घेऊन.
वर्तमानपत्राचे चार पदर सोडले.
रॉकेलनं पुसलं, दिव्याखाली फिरवलं.
कडेला दोन टिंबं आणि एक रेघ.

माझी खूण.
बावीस वर्षांचा होतो, दोन प्लासिदोच्या गॅरेजात,
बाद मालावर पंच ठोकायचं काम माझं.
फट तीस थाऊच्या खाली गेली की फेकायचं, असा नियम,
आणि मी तो देवाच्या आज्ञेसारखा पाळायचो.
शेजारच्या बाकावर रोसेंदो असायचा.
संध्याकाळी भंगाराच्या पिंपात हात घालून
काय काय खिशात भरायचा.
आम्ही त्याला उंदीर म्हणायचो.
मी जरा जास्तच मोठ्यानं.

सुल्माला फोन लावला.
पैसे पोचले का, एवढंच विचारलं.
पोचले, म्हणाली. मग थोडं थांबून:
"ते हात धुवूनच खोकं उघडायचे."

कडं शंकूवर दाबलं, फटीत पट्टी सरकवली.
अठ्ठावीस थाऊ.
तेव्हाही अठ्ठावीसच असणार.
पितळ खोक्यात पडून झिजत नाही,
झिजलो असेन तर मी.
अठ्ठावीस थाऊत एक लग्न निघतं,
आणि पुढचे बरेच रविवार,
गाडी हळू चालवली तर.

रंग ओला असताना खूण घासून काढता आली असती.
नाही काढली. बॉक्स बंद केली, तेल भरलं,
रिकाम्या धक्क्यापर्यंत एकटाच चालवत नेली.
क्लच दाबला, दांडी खाली ओढली
आणि दुसरा पडला,
लोण्यात सुरी जावी तसा नाही,
जरासा अडून,
रागावलेला माणूस दार उघडतो तसा.

एल्बिओच्या बिलात लिहिलं:
कडं एक, वापरलेलं.
मग 'वापरलेलं' खोडलं,
त्याजागी 'जपलेलं' लिहिलं,
आणि किंमत दोन मेंढ्यांचीच ठेवली.