साखर एकोणीस

उन्हाकडचे दहा मणी, सावलीतले दहा,
दहा घडाच्या पोटातले.
पिशवीत चुरडले,
एक थेंब काचेवर ठेवून उजेडाकडे धरला.
साखर एकोणीस.
वायनरीला बावीस लागते.

"म्हंजे आज तोडायची न्हाई?"
नीलव्वा बिराजदारांनी कात्री पिशवीत टाकली.
चार दिवस तरी नाही.
ट्रक फोनवरच सोलापुरात थांबवला.
माझी गाडी साडेसहाची.
"मग चल, किल्ला बघ. आल्यासारखं."

माघातलं नळदुर्ग.
खंडोबा पौषातच अणदूरला मुक्कामी गेलेला,
दगडांच्या सांध्यांत भंडारा अजून पिवळा,
पाळणेवाल्यांनी खणलेले खड्डे तसेच उघडे.

नीलव्वा पुढे, पायांत टायरच्या चपला, ओच्यात शेंगा.
नवबुरुजापाशी थांबल्या. त्याच्या फुगीर पाकळीवर
गाईच्या पोटावर ठेवतात तसा हात ठेवला.
"पोरपणी हितं गवत कापायला यायचो.
पेंढीला चार आणे.
सुलतान कोण, वजीर कोण, ते मला इचारू नको.
कुठल्या बुरुजाखाली गवत दाट, ते इचार."

उपळ्या बुरुजाच्या पायऱ्या मोजत चढले,
पन्नाशीपाशी चुकले, मग सोडून दिलं.
वर तोफ. तोफेच्या तोंडात कुणाची तरी चॉकलेटची चांदी.
खाली बोरीचं साठलेलं पाणी,
हिरवं, जड, मधेच एक बगळा विसरल्यासारखा.
आणि पाण्यापलीकडे काळ्या रानात
द्राक्षांच्या ओळी इतक्या सरळ
की चार शतकं उभा असलेला तट
वेडावाकडा वाटावा.
"ती तिसरी पट्टी माझी," नीलव्वा म्हणाल्या.
मला सगळ्या सारख्याच दिसल्या.

पाणीमहाल भिंतीच्या पोटात.
एका अंगाला तलाव टेकलेला, दुसऱ्या अंगाला खोल हवा,
मधे आपण, चपला हातात घेऊन.
वटवाघळांचा वास, ओल्या चुन्याचा वास,
आणि खिडकीतून एवढा वारा
की बोलणं अर्धंच पोचावं.
नर आणि मादी या दोन धारा यंदा नाहीत.
भिंतीवर त्यांचे दोन काळे ओघळ,
रडून वाळलेल्या गालासारखे म्हणणार होते,
पण नीलव्वा म्हणाल्या, "टाकी गळल्यावानी दिसतंय,"
आणि तेच खरं होतं.

रखवालदार फारसी ओळीकडे बोट करून सांगत होता:
हे बघून मित्राचे डोळे निवतील,
वैऱ्याचे फुटतील.
"आन् गिऱ्हाइकानं बघितलं तर?"
तो हसला नाही. आम्ही दोघी हसलो,
महालात ते हसणं बराच वेळ फिरत राहिलं.

काठाला वाकून मी तलावाचा एक थेंब घेतला,
काचेवर ठेवला, उजेडाकडे धरला.
निळी रेघ तळाशी. शून्य.
"काय म्हणतंय?"
काही नाही म्हणतंय.
त्यांनीही डोळा लावून पाहिलं,
दुसरा डोळा हाताने झाकून, बराच वेळ.
"एवढ्या वर्षांचं पाणी," म्हणाल्या,
"आन् कायबी न्हाई व्हय."

शेंगांची टरफलं तलावात टाकत मग विचारलं,
"त्या दारूची चव कशी असती गं?
धा वर्सं झाली लावून, आमच्यात चालत न्हाई."
मी म्हटलं, मी घोट घेते, तोंडात फिरवते
आणि थुंकून टाकते. कामच ते.
"थुंकती?"
त्यांना बागेतलं पाणी आठवलं असावं,
ठिबकच्या नळ्या, मध्यरात्रीची लाईट,
थंडीत पेटवलेल्या शेकोट्या.
किंवा काहीच नसेल आठवलं.
नुसत्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

परतताना बागेत थांबलो.
ऊन कलतं, पाखरांच्या जाळीत एक बुलबुल अडकलेला,
तो सोडवला. त्याने बोटाला चावा घेतला.
जाता जाता पुन्हा तीस मणी, पुन्हा एक थेंब.
साडेएकोणीस.
"किल्ला बघस्तवर अर्धा वाढला," नीलव्वा म्हणाल्या,
जसं काही आम्हीच वर चढून तो ओढून आणला.

वहीत मी एकोणीसच लिहिलं.
गाडी वीस मिनिटं उशिरा आली.
बोटाला बुलबुलाची खूण, नखांत जांभळा रस,
तोंडात शेंगदाण्याचं साल, कितीदा जिभेने काढलं
तरी दाताशीच.