शंभर फुटांची रेघ

पहाटे साडेपाचला चर्चच्या दारापासून
टेप धरून मोजलं: शंभर फूट.
डांबरावर निळ्या खडूनं रेघ ओढली.
रेघेपलीकडे पाट्या, टोप्या, फुगे,
अलीकडे नुसती माणसं.
मिशिगनचा कायदा आहे तसा.

कलामझूतलं हे तळघर.
रविवारी इथं सूप असतं, आणि भिंतीवर
मुलांनी कापसाची दाढी चिकटवलेला नोहा.
आज पुठ्ठ्याचे आडोसे, साखळीला बांधलेली पेनं,
आणि बिल्ला लावलेली मी, शैलजा,
जिला अठ्ठावीस वर्षं सगळे शेली म्हणतात.

परवा वरच्या मजल्यावर
पास्टर व्हॅन्डरकोल्क म्हणाले,
"मी कुणाचं नाव घेणार नाही."
आणि मग इतका वेळ ते नाव घेतलं नाही
की सगळ्यांना पाठ झालं.

शुक्रवारी टायरच्या दुकानामागच्या मैदानात
टेसा मॅरो येऊन दोन गाणी गायली,
मधे एक वाक्य बोलली.
टाळ्या वाक्याला जास्त पडल्या.

आठ वाजता मॅकेन्ना आली, वय एकोणीस,
छातीभर टेसाचा चेहरा, खाली उमेदवाराचं नाव.
म्हटलं, बाई, झाक तरी, नाहीतर उलटा घाल.
बाथरूममधून परतली ती शिवणी बाहेर काढून,
हनुवटीखाली लेबल: गार पाण्यात धुवा.
चेहरा आत गेलेला, थेट कातडीला लागलेला.
तिथवर माझी टेप पोचत नाही.

मग ग्लेनिस, वय चौऱ्याऐंशी, काठी, लिपस्टिक.
माझ्या कानाशी येऊन मोठ्यानं कुजबुजली,
"पास्टर रविवारी काय म्हणाले गं?
माझ्या कानातल्या यंत्राची बॅटरी गेली होती."
मी म्हटलं, मला सांगता येत नाही.
ती थोडी रागावली.
"म्हणजे आता माझं मीच ठरवायचं?"
आणि आडोशामागे वीस मिनिटं बसली,
मागे रांग दारापर्यंत.

आमच्या इचलकरंजीत एकदा
पडद्यावरचा खलनायक जीपमधून आला होता.
आई म्हणाली, दिसतो तेवढा वाईट नाही,
आणि शिक्का मारून आली.
बोटावरची शाई जाईपर्यंत सांगत होती,
त्यानं माझ्याकडेच बघून हात जोडले.
मी कॉलेजात होते. हसले होते.

या वेळी माझा कागद टपालानं आला.
तीन रात्री फ्रिजवर चुंबकाखाली होता.
दूध काढताना दिसायचा,
दूध ठेवताना दिसायचा.
कुणी काही म्हणालं नाही मला:
ना देव, ना गाणारी.
विचारायला कुणी नाही, हेही
बरं वाटलं असं नाही.

चार वाजता पास्टर स्वतः आले.
सगळ्यांनी वाट दिली, त्यांनी घेतली नाही,
रांगेतच उभे राहिले.
कागद भरला, यंत्रात सरकवला.
यंत्र दोनदा किंचाळलं आणि कागद परत दिला:
एकाच जागेसाठी दोन खुणा.

तळघरात काही क्षण फक्त हीटरचा आवाज.
मी घडी न उघडता कागद घेतला,
'बाद' लिहून पाकिटात टाकला, नवा दिला.
एवढंच माझं काम.
त्यांचा हात गार होता.
"चष्मा," ते म्हणाले.
चष्मा डोळ्यांवरच होता.

दुसऱ्यांदा ते फार वेळ आत होते.
ग्लेनिसपेक्षाही जास्त.
यंत्रानं मुकाट गिळलं.
स्टिकर दिलं, ते त्यांनी कोटाला लावलं नाही,
पाकिटात ठेवलं, बायकोच्या फोटोशेजारी.

रात्री नऊला झाडू आणि बादली घेऊन
मी रेघ पुसायला गेले.
पलीकडे एक फुगा अजून खांबाला डोकं आपटत होता.
रेघ नव्हतीच.
दिवसभरात बुटांना लागून
थोडी थोडी
सगळ्यांच्या घरी गेली होती.