फ्लॅशचा पल्ला

मॅन्युअलच्या बाविसाव्या पानावर लिहिलंय:
फ्लॅशचा पल्ला तीन मीटर.
त्यापलीकडे उजेड पोचेल अशी आशा ठेवू नये.
(आशा हा शब्द माझा. मूळ वाक्य कोरडं आहे.)

कॅमेरा कॅम्पातून आणला, पहिल्या बोनसवर.
चंदेरी, दोन पेन्सिल सेलचा,
भिंगाच्या डोक्याशी काड्यापेटीच्या कडेएवढी काच.
ती पेटली की रेंजहिल्सच्या क्वार्टरमधलं सगळं
धक्का मारल्यासारखं पुढं यायचं:
शोकेसच्या दारात पांढरा गोळा,
आईच्या नाकावरचं तेल,
तनिष्काच्या केकवरचं क्रीम, नुसता चुना,
आणि भिंतीवर प्रत्येकाला काळी किनार,
जशी काही माणसं कापून चिकटवलीत.

अण्णा एकदाही नीट आले नाहीत.
ओठ अर्धवट उघडे.
बारशात, जयसिंगमामाच्या एकसष्टीत,
बोपोडीच्या फ्लॅटच्या वास्तुशांतीत,
हातात नारळ, तोंडात अर्धा शब्द.
"क्षणभर गप्प बसता येत नाही का तुम्हाला?"
आई करवादायची.
"मी कुठं बोलतोय?"

लाल डोळे नकोत म्हणून
डोळ्याचं चित्र असलेली सोय मी चालूच ठेवायचो.
तिच्यात फ्लॅश दोनदा उडतो.
पहिला हूल देतो, बाहुल्या आकसून घेतो,
मग सेकंदभर काहीच नाही,
मग दुसरा. तो खरा.
लोक पहिल्यालाच फसतात, "झालं?" म्हणून उठायला लागतात.
मी ओरडायचो, थांबा, अजून एक आहे.

एका गुरुवारी, वीज गेलेली,
अण्णा खुर्चीत, मी उगाच चाळा म्हणून
अंधारात बटण दाबलं.
उजेड. आणि लगेच, अगदी हळू,
"एक..."
दुसरा उजेड.
"एक... दोन..."

"काय मोजताय?"
"आवाज."

मेणबत्ती सापडेपर्यंत ते बोलत राहिले.
दारूगोळ्याच्या कारखान्यात एकोणतीस वर्षं.
उजेड आधी येतो रे, आवाज मागनं.
मधे किती मोजता आले त्यावरून कळतं कुठली शेड.
तीन झाले तर किलोमीटरभर लांब, डबा खाऊन घ्यायचा.
दोनला सायकली धावायच्या.
"आणि एक?"
"एक पुरा म्हणता आला नाही,
ती सॅम्युअल साळव्याची."
मग म्हणाले, काडी जपून ओढ.

त्यानंतर मी काय काय केलं.
बेकरीतल्या केकखालचा बटर पेपर फ्लॅशवर चिकटवला,
उजेड मऊ झाला, पण आधी आला तो आलाच.
बोटानं झाकला, तर बोट लाल, खोली काळी.
शेवटी बंदच केला.
फोटो हलायला लागले, पिवळे पडायला लागले.
अण्णांच्या जागी एक गरम धूसर डाग,
त्याला चष्मा.
तनिष्का म्हणाली, मामा, तुला येत नाही.

त्यांचा एकच फोटो धड आहे,
बसच्या पासासाठी खडकी बाजारात काढलेला.
तिथल्या छत्रीवाल्या मोठ्या दिव्याला आवाज असतो.
उजेड आणि ठप्प, दोन्ही एकदम.
मोजायला मधे काही उरलंच नाही.
ओठ मिटलेले. डोळे सरळ.
सुटल्यासारखे दिसतात की सापडल्यासारखे,
आम्हा भावंडांत यावर एकमत नाही.

तोच आता मोठा करून भिंतीवर लावलाय.
काल नाशिकच्या ताईला पाठवायचा म्हणून
जुना कॅमेरा काढला, सेल घातले.
डोळ्याची खूण तशीच चालू राहिलेली.
पहिला उडाला. मी थांबलो.
दुसरा उडाला.
काचेत पांढरा गोळा, नेमका तोंडावर.

मॅन्युअलचं सव्विसावं पान:
समोर काच असल्यास किंचित तिरकं उभं राहावं.

मी तिरका उभा राहिलो.