तारांकित रकाना

विश्रामबागेत दुसऱ्या मजल्यावर, खाली झेरॉक्सचं दुकान,
मी विद्यापीठाची वेबसाइट करतेय.
पदवीधर महिलांसाठी स्वतंत्र विभाग, असं पत्रात म्हटलंय,
जावक क्रमांकासकट.

पहिल्या बैठकीत गुलाबी रंग आला.
दुसऱ्या बैठकीत आभाळात टोप्या उडवणाऱ्या मुली आल्या,
कुठल्या तरी भलत्याच देशातल्या.
म्हटलं, आपल्याकडे पदवी पोस्टानं येते,
नाहीतर भाऊ जाऊन घेऊन येतो.
मग मी पिवळा सुचवला.
मगदूम सर म्हणाले, हळदीचा नको, लग्नपत्रिका वाटेल.
सर, मार्केट यार्डात जाऊन बघा एकदा,
हळद इथे पोत्यात असते, सौद्यात असते,
हमालांच्या पापण्यांवर असते.
निळा ठरला.

रंगाचं काय एवढं. अडलं ते नावापाशी.

नाव, पतीचे नाव, आडनाव.
तिन्ही रकान्यांच्या डोक्यावर लाल चांदणी,
भरल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

जुनी रजिस्टरं पुरात भिजलेली,
वाळवून सुतळीनं बांधलेली,
उघडली की मांडीवर कृष्णेचा गाळ सांडतो,
भुगा झालेला.
शाई पसरलीय, तरी लागतं वाचायला:
राजमती आण्णासो उपाध्ये, द्वितीय श्रेणी.
नसीम दस्तगीर मुल्ला, हिला इतिहासात बक्षीस.
शेवंता ज्ञानू सनदी, राहणार सावळज,
फी बाकी रुपये बावीस.
सगळ्या टाइप केल्या. अकराशे चौदा.
त्यातल्या एकीचाही पत्ता आज त्या नावावर नाही.

गुरुवारी माधवनगरहून फोन.
“मी विद्या कोरे. तुमच्या यादीत माझं नाव येईना.”
साल? एकोणनव्वद.
एकोणनव्वदला विद्या कोरे नाही.
पलीकडे कुकरच्या दोन शिट्ट्या झाल्या.
“थांबा हं. तेव्हा मी शेवंता होते.”

ताटात तांदूळ पसरले होते, म्हणाली,
अंगठीनं त्यात विद्या लिहिलं त्यांनी,
वेलांटी चुकली तर सगळे हसले,
परत तांदूळ सारखे केले, परत लिहिलं.
“पदवी तेवढी शेवंताकडंच राहिली बघा.
बँकेत बोलावलं होतं एकदा. म्हणाले,
दोघी एकच आहात असं लिहून आणा.
स्टँप पेपर आणलेला. मग थोरलीच्या वेळचे दिवस गेले,
राहूनच गेलं ते.”
मग आवाज बारीक करून,
“ते बावीस रुपये अजून दिसत्यात का हो?”
दिसतात, म्हटलं.
खूप वेळ हसत होती.

रात्री मी एक रकाना वाढवला: तेव्हाचं नाव.
आणि पतीच्या डोक्यावरची चांदणी काढली.

सकाळी सर, न रागावता:
सिस्टिमला पतीचं नाव लागतंच.
पदवीवर नाहीये सर ते.
तसं नव्हे, प्रस्ताव द्या, समितीपुढे ठेवू.
दिलाय. सोमवारी बैठक,
कोणत्या सोमवारी ते कळवतो म्हणालेत.

तोवर चाचणीसाठी एक खोटी नोंद लागते.
मी आईचं जुनं नाव टाकलं, मालन.
आमच्या घरात हे नाव कुणी उच्चारत नाही,
विसरलोय म्हणून नाही, सवय नाही म्हणून.
मिरजेला आजोळी गेलो की मागच्या दारातून हाक येते, माले,
आणि आई एक क्षण उशिरा वळून बघते,
जणू तिथे आणखी कुणी असावं.

आई बारावीपर्यंतच.
खोट्या नोंदीत मी तिला बी. ए. केलं,
अर्थशास्त्र घेऊन, प्रथम श्रेणी, फी बाकी निरंक.
मग शोधाच्या चौकटीत मालन लिहिलं
आणि बटण दाबलं.

आली लगेच.
आईला लागतो त्याहून कमी वेळ लागला.

नोंद पुसायची आहे. पुसेन,
सोमवार ठरला की.