४११

ग्वाल्हेरच्या सराफ्यात, कोमलचंदजींच्या गादीवर
दोन पदकं.
एक करकरीत. रिबिनीची घडीही न मोडलेली,
घोड्याच्या आयाळीचा केस न् केस मोजून घ्यावा.
कडेवर २०६८.
दुसरं चिंचेनं घासघासून गुळगुळीत,
वर भोक पाडलेलं, कुण्या पोराच्या गळ्यात असणार.
घोडा गेलाय, नुसतं पोट उरलंय.
कडेला नखानं चाचपलं: ४११.

"साहेब, माल बघा. नंबर काय चाटायचाय?"
खरंय त्यांचं.
पण घरी तपकिरीच्या डबीत
चार वर्षं ४१२ पडून आहे,
त्या सकाळी रांगेत
याच्या मानेकडे बघत उभा असलेला.

घासाघीस केली नाही.
बाड्यावरून स्कूटरनं येताना
खिशात तो
सारखा किल्ल्यांवर वाजत होता.