हितसंबंधी पक्षी

पवण्याच्या एका कारखान्यात मी कागद सांभाळते.
कागदाला इथे दस्तऐवज म्हणतात.
त्याला क्रमांक असतो, आवृत्ती असते,
जुना झाला की त्याच्यावर तांबडा शिक्का: रद्द.
माणसांचं इतकं नीट नसतं.

चौदा हजार एकचं प्रमाणपत्र
रिसेप्शनला काचेत आहे, गणपतीच्या तसबिरीशेजारी.
हार दोघांनाही. ऑडिटच्या आठवड्यात ताजा.

मार्चमध्ये पर्यावरण धोरण मराठीत हवं झालं,
मानक म्हणतं, कामगाराला कळलं पाहिजे.
बसले लिहायला.
'प्रदूषण प्रतिबंध' सोपं गेलं,
'सातत्याने सुधारणा' लिहिताना
माझं सातवीचं प्रगतिपुस्तक आठवलं.
मग यादी, आपल्या कामाशी ज्यांचा ज्यांचा संबंध येतो त्यांची:
मंडळ, महापालिका, ग्राहक, बँक, शेजारचा रंगवाला.
मथळा द्यायचा होता 'हितसंबंधी पक्ष'.
बोटातून एक वेलांटी जास्त पडली.

हितसंबंधी पक्षी.
तसंच छापलं, लॅमिनेट झालं, सात भिंतींवर लागलं,
खाली साहेबांची सही.

डिसेंबरात ऑडिटर आल्या, इशरत मुकादम,
स्वतःचे सेफ्टी शूज, स्वतःची पाण्याची बाटली.
सांडपाण्याच्या शेवटच्या टाकीपाशी थांबल्या.
तिथे हसुराम नाखवा, मूळचा दिवाळ्याचा,
एकवीस वर्षं त्याच टाक्यांवर.
पाण्यात त्याने चार चिवण्या सोडलेल्या.
"हे कशासाठी?"
"यो माझा मीटर."
"याचं कॅलिब्रेशन कधी झालं?"
हसुराम जरा वेळ पाण्याकडे बघत राहिला.
"रोज. मेला की कलतं."
बाई हसल्या. लिहिलं मात्र काही नाही.

लिहिलं ते वर, एसीच्या खोलीत.
नोंदवही उघडून सप्टेंबरचे चार रविवार
त्यांनी एकापुढे एक ठेवले.
तेच निळं पेन, तोच उजवीकडचा कल,
सात पूर्णांक एक, सात पूर्णांक एक,
सात पूर्णांक एक, सात पूर्णांक एक.
"अक्षर कुणाचं?"
साहेब छताकडे बघू लागले,
जणू उत्तर तिथे टांगलंय.
तिसऱ्या रविवारी दोन चिवण्या उलट्या तरंगल्या होत्या.
मला ठाऊक होतं.
सोमवारी आकडे भरायला सांगितलं, मी भरले,
वाटाण्याच्या शेंगा सोलाव्यात तसे, गप्पा मारत.
"माझं," मी म्हणाले.

गैरअनुरूपता, मोठी. एक.
मूळ कारणाच्या रकान्यात पाचदा 'का' विचारायचं असतं.
मी तिसऱ्या 'का'पर्यंत पोचले,
पुढे साहेबांची केबिन होती,
दार लोटलेलं.

जाताना बाई भिंतीपाशी थबकल्या.
"इथे चूक आहे."
हसुराम मागेच होता. "काय लिवलंय?"
वाचून दाखवलं.
टाकीच्या लोखंडी जिन्यावरून तिवरांच्या पलीकडची खाडी दिसते,
ओहोटी होती,
गाळात रोहित उभे, माना पाण्यात,
आपण सोडलेलं गाळून गाळून खात.
"मंग चुकला कुठं?" तो म्हणाला.

निरीक्षण क्रमांक नऊ: मुद्रणदोष.
पुढील आवृत्तीत दुरुस्त करावा.

आवृत्ती पाच माझ्या पडद्यावर उघडी आहे.
मुदत शुक्रवारची.
कर्सर त्या वेलांटीपाशी लुकलुकतोय
आणि मी चहा आणायला दोनदा उठलेय.

रविवारचे आकडे आता हसुराम स्वतः भरतो.
अक्षर कोंबडीचे पाय.
कालचा आकडा नऊ पूर्णांक चार.
खोडलेला नाही.